पाण्यात पाहताना

आपल्या भाषेत एखाद्याला ‘पाण्यात पाहणं’ म्हणजे त्याच्याशी उभं वैर धरणं. आणि त्याच भाषेत, घरातल्या कुणाची शस्त्रक्रिया चालू असते, कुणाचा निकाल लागायचा असतो, तेव्हा मंडळी ‘देव पाण्यात ठेवून’ बसतात. काम फत्ते होईपर्यंत मूर्तीला बाहेर काढायचं नाही, अशी ती गाऱ्हाणं घालण्याची रीत. एकात द्वेष आहे, दुसऱ्यात आर्जव. पण पाण्यात जो आहे त्याच्याकडे निर्विकारपणे पाहता येत नाही, हे दोन्हीकडे गृहीत धरलेलं आहे. त्याला श्वास घेता येत नाही, हे पाहणाऱ्याच्या छातीला आधी कळतं.

हे पुस्तक अशा पाहण्याविषयी आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत जगभरच्या काही कलावंतांनी स्वतःचा किंवा दुसऱ्याचा देह पाण्यात नेला, समोर कॅमेरा लावला आणि जे घडलं ते आपल्यापुढे ठेवलं. या कलेला व्हिडिओ परफॉर्मन्स म्हणतात. मी तोच शब्द ठेवला आहे, कारण आपल्याकडचे चित्रकार आणि कलाशाळांतले विद्यार्थी बोलताना तोच वापरतात. सिनेमाहून ही कला वेगळी आहे. सिनेमात बुडणारा नट बुडण्याचा अभिनय करतो, त्याला नाव असतं, गोष्ट असते, वाचवायला कुणीतरी येणार असतं. इथे बहुधा यातलं काहीच नसतं. एक देह असतो, पाणी असतं आणि वेळ असतो. रोखून धरलेला श्वास खरोखरच रोखून धरलेला असतो.

या विषयाचा अभ्यास करताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवत गेली, आणि पुढची सगळी प्रकरणं तिच्याभोवती फिरतात. पाण्यातल्या देहाचं माप श्वास आहे आणि कॅमेऱ्याला श्वास नाही. कॅमेरा पाण्याखाली तासभर राहू शकतो, एका क्षणाची दहा मिनिटं करू शकतो, वेळ उलटा फिरवू शकतो. माणूस मिनिट-दोन मिनिटांत वर येतो, यावंच लागतं. श्वास घेणारं शरीर आणि श्वास न घेणारं यंत्र यांच्यातली ही ओढाताण म्हणजे ही कला, असं माझं म्हणणं आहे.

मी आजोळच्या विहिरीत पोहायला शिकले. मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधला होता. आठ-दहा दिवसांनी त्याने डबा सोडला आणि मला पाण्यात ढकललं. मी खाली गेले. वर हिरवट उजेडाचं एक वर्तुळ हलत होतं. काठावरच्या इंजिनाची फटफट ऐकू येत होती, पण ती कोणत्या बाजूने येते ते समजेना. चहूकडून, अगदी डोक्याच्या आतून येते आहे असं वाटत होतं. भीती नंतर आली, नाकातोंडात पाणी गेल्यावर. त्याआधीचे काही क्षण मी कधी विसरले नाही. पुढे कळलं की पाण्यात आवाज हवेतल्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोचतो आणि म्हणून दिशा हरवते. पाणी उजेडातला तांबडा रंग आधी शोषून घेतं, म्हणून खोल पाण्यात कातडी निळी-हिरवी दिसते. छाती भरलेली असेल तर देह तरंगतो, श्वास सोडला की खाली जातो. गार पाण्यात चेहरा बुडाला की हृदयाचे ठोके मंदावतात. वजन, दिशा, रंग, आवाज, ठोका हे सगळं पाणी एका झटक्यात बदलून टाकतं. कलावंताने काही करण्याआधीच पाण्याने अर्धं काम केलेलं असतं.

या कलेचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते बिल व्हायोला यांचं. 1951 साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, 12 जुलै 2024 रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे मृत्यू. सहा वर्षांचे असताना सुट्टीत ते एका तळ्यात पडले आणि तळाशी गेले. घरच्या एका मोठ्या माणसाने उडी मारून त्यांना वर काढलं. ही आठवण त्यांनी आयुष्यभर सांगितली, आणि सांगताना भीतीचा नव्हे तर सौंदर्याचा उल्लेख केला: निळसर प्रकाश, हलणाऱ्या वनस्पती, अंगाला वजनच नसल्याची जाणीव. सहा वर्षांच्या मुलाला तळाशी जे दिसलं ते पुन्हा दाखवण्यासाठी त्यांनी पुढची सुमारे पन्नास वर्षं दिली, असं म्हटलं तर ते फारसं चुकणार नाही.

त्यांची ‘द रिफ्लेक्टिंग पूल’ ही कृती 1977 ते 1979 या काळातली. लांबी सात मिनिटं. कॅमेरा एका जागी स्थिर. रानातला एक चौकोनी हौद आणि मागे दाट झाडी. झाडीतून एक माणूस चालत येतो, काठावर उभा राहतो, पाण्यात त्याचं प्रतिबिंब दिसतं. बराच वेळ काहीच होत नाही. मग तो ओरडून उडी मारतो आणि हवेतच थांबतो, गुडघे पोटाशी घेतलेला, गर्भातल्या मुलासारखा. तो थांबला तरी पाणी थांबत नाही. पाण्यावर तरंग उठतात, उजेड बदलतो, काठावर जी माणसं नाहीत त्यांची प्रतिबिंबं पाण्यात चालताना दिसतात. दरम्यान हवेतला माणूस हळूहळू विरत जातो, मागच्या पानांत मिसळून जातो. तो कधी नाहीसा झाला हे नेमकं सांगता येत नाही. शेवटी पाण्यातून एक उघडा माणूस बाहेर येतो, काठावर चढतो आणि पाठ फिरवून झाडीत निघून जातो.

यातली तांत्रिक युक्ती साधी आहे. कॅमेरा तसूभरही न हलवता वेगवेगळ्या वेळी चित्रण केलं आणि चौकटीचे भाग एकमेकांना जोडले. वरच्या भागात एक वेळ, पाण्यात दुसरी. पण साधलं आहे ते मोठं आहे. उडी मारलेला माणूस पाण्यात पडतच नाही, आणि तरी पाण्यातून बाहेर येतो. मधला बुडण्याचा क्षण व्हायोला यांनी आपल्यावर सोपवला. पाहताना आपण नकळत श्वास रोखलेला असतो, आणि तो माणूस बाहेर आल्यावर सोडतो.

व्हिडिओ आणि पाणी यांची सोयरीक इतकी घट्ट का, याचं एक उत्तर त्या काळच्या तंत्रात आहे. सिनेमाची फिल्म म्हणजे ओळीने लावलेली स्थिरचित्रं. ती हातात धरून उजेडासमोर पाहता येतात. जुन्या व्हिडिओत तसं स्थिरचित्र कुठेच नसतं. पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ रंगवत जातो; अमेरिकी पद्धतीत 525 ओळी, सेकंदाला सुमारे तीस वेळा. एक ओळ उजळते तोवर मागची मावळू लागलेली असते. हे चित्र वाहतं असतं. शिवाय फिल्म धुऊन येईपर्यंत थांबावं लागे, व्हिडिओ त्याच क्षणी समोर दिसे. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात सोनीचा खांद्याला अडकवण्याजोगा व्हिडिओ-संच बाजारात आला, आणि आरशात पाहावं तसं कलावंत स्वतःच्या देहाकडे पाहू लागले. वाहत्या चित्रासाठी वाहता विषय त्यांना आपसूक सापडला.

पुढे व्हायोला यांची हत्यारं बदलत गेली. 1995च्या ‘द ग्रीटिंग’साठी त्यांनी सेकंदाला 300 चौकटी टिपणारी फिल्म वापरली आणि पंचेचाळीस सेकंदांचा प्रसंग दहा मिनिटांचा केला. त्यात पाणी नाही, पण पाण्यातल्यासारखा संथपणा आहे, आणि तो पुढे त्यांच्या पाण्यातल्या कामांत मुरला. 1996च्या ‘द मेसेंजर’मध्ये एक नग्न पुरुष अंधाऱ्या खोलातून सावकाश वर येतो, डोळे उघडतो, मोठ्याने श्वास घेतो आणि परत खाली जातो. हे काम इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथीड्रलसाठी केलेलं होतं. नग्नतेमुळे तक्रार होईल अशी चिंता पोलिसांनी व्यक्त केली आणि पडद्याभोवती आडोसा उभारला गेला. चर्चच्या शांततेत तो एक श्वास किती मोठा वाटला असेल, याची कल्पना करावी. 2001च्या ‘फाइव्ह एंजल्स फॉर द मिलेनियम’मध्ये कपडे घातलेला माणूस पाण्यात पडतो, पण काही पडद्यांवर वेळ उलटा चालतो, काहींवर चित्रच उलटं लावलेलं आहे. पडणारा वर चढतो आणि बुडबुडे त्याच्या अंगाकडे परत येतात.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते 2007 सालचं ‘ओशन विदाउट अ शोर’. व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत सान गालो नावाच्या छोट्या जुन्या चर्चमध्ये, तिथल्या तीन दगडी वेदींवर तीन पडदे उभे केले होते. अंधारातून एक आकृती येते. चित्र करडं आणि दाणेदार, पाळतीच्या जुन्या कॅमेऱ्याने घेतलेलं. ती व्यक्ती जवळ येते आणि हात पुढे करते. आत्तापर्यंत न दिसलेला पाण्याचा एक पातळ पडदा बोटांपाशी फाटतो, प्रकाशाच्या रेघा उठतात. हात, मग खांदा, मग चेहरा पाण्यातून अलीकडे येतो, आणि येताच रंगीत होतो, लख्ख होतो. केसांतून पाणी निथळतं आहे. ती व्यक्ती आपल्याकडे पाहते. काही वेळाने वळते, पुन्हा पाण्यातून पलीकडे जाते, करडी होते, अंधारात मिसळते. मेलेली माणसं क्षणभर भेटायला येऊन गेली, असं हे दृश्य आहे. पितरांसाठी ओंजळीने पाणी सोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गेलेल्यांच्या आणि आपल्या मध्ये पाणी असतं, हे आपण तर्पणाच्या वेळी हातांनी अनुभवलेलं असतं.

तरीही हे पुस्तक केवळ व्हायोला यांचं नाही, आणि त्यामागे कारण आहे. त्यांचं पाणी स्वच्छ आहे. प्रकाश नेमका आहे, आणि त्यात उतरणारा माणूस कोण, कुठला, हे बहुधा विचारलं जात नाही. तो ‘माणूस’ असतो. पाणी मात्र सगळ्यांना सारखं वागवत असलं तरी पाण्याकाठचा समाज तसं वागवत नाही. हा प्रश्न ज्यांनी पुढे नेला त्यांना मी या पुस्तकात अधिक जागा दिली आहे.

आना मेंडिएटा 1948 साली हवानात जन्मल्या. क्यूबातल्या क्रांतीनंतर, 1961 साली, आईवडिलांविना त्यांना अमेरिकेत पाठवण्यात आलं. त्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. 1974 साली मेक्सिकोतल्या वाहाका भागात एका ओढ्यात त्या आडव्या झाल्या आणि सुपर ८ फिल्मवर ते टिपलं गेलं. ‘क्रीक’ हे त्या फिल्मचं नाव. सुमारे तीन मिनिटं, आवाज नाही. काटेकोरपणे पाहिलं तर हा व्हिडिओ नव्हे, फिल्म. पण या कलेची वंशावळ तिच्याविना अपुरी राहील. पाणी त्यांच्या अंगावरून, अंगाला वळसा घालून वाहतं, जसं ते शेजारच्या दगडांवरून वाहतं आहे. व्हायोलांचा माणूस पाण्यातून दुसऱ्या जगात जातो; मेंडिएटा याच जगात, याच मातीत जागा मागतात. मायदेश हिरावला गेलेल्या मुलीला ओढ्याने दगडासारखं सामावून घेतलं. 1985 साली, वयाच्या 36व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

इस्राएलच्या सिगालित लांदाऊ यांच्या ‘डेडसी’मध्ये (2005) पाणी देहाला बुडूच देत नाही. मृत समुद्र साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारट. त्यात 500 कलिंगडं 250 मीटर दोरीत ओवून त्यांची मोठी चकती केली आहे, आणि त्या चकतीत लांदाऊ नग्न तरंगत आहेत. हात पुढे पसरलेला, तो फोडलेल्या, लालभडक गर दिसणाऱ्या कलिंगडांकडे. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यासमोर दोरी ओढली जाते, चकती सावकाश उलगडत जाते आणि हिरवी रेघ चौकटीबाहेर निघून जाते. मागे नुसतं निळं पाणी उरतं. फुटलेल्या फळाचं लाल आणि उघड्या कातडीवर मीठ, हे एकत्र पाहताना अंगाची आग होते.

अमेरिकेच्या सारा कॅमेरन सुंडे यांनी श्वासाऐवजी भरतीचं माप घेतलं. 2013 साली मेन राज्यातल्या किनाऱ्यावर त्या ओहोटीच्या वेळी पाण्यात उभ्या राहिल्या आणि भरती येऊन पुन्हा ओसरेपर्यंत, बारा-तेरा तास, हलल्या नाहीत. आदल्या वर्षीच सँडी वादळाने न्यूयॉर्क शहरात समुद्र घुसवला होता. पुढे सहा खंडांतल्या किनाऱ्यांवर त्या अशाच उभ्या राहिल्या, त्यात बंगालच्या उपसागराचा बांगलादेशातला किनाराही होता. शेवटचं सादरीकरण सप्टेंबर 2022मध्ये न्यूयॉर्कला झालं. जिथे जातील तिथल्या लोकांना त्या सोबत उभं राहण्याचं बोलावणं करत. चित्रण कापून छोटं केलेलं नाही. भरतीला जितका वेळ लागतो तितकाच वेळ पडद्यावर. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. समुद्राची पातळी वाढते आहे हे वाक्य आपण रोज वाचतो. इथे ते एका बाईच्या अंगावर मोजून दाखवलं आहे.

याच ठिकाणी मला आपल्याकडच्या दोन घटना आठवतात. त्यांना मी कला म्हणत नाही, आणि म्हणू नये. पण त्यांच्याविना मराठी वाचकाने या विषयाकडे पाहणं अपुरं ठरेल. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले. त्यांच्यामागून हजारोंनी तेच केलं. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी हल्ले केले, आणि पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. देह आणि पाणी यांची भेट किती स्फोटक असू शकते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. दुसरी घटना नर्मदेची. 1999 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या डोमखेडीत लोक धरणाच्या चढत्या पाण्यात उभे राहिले. 2012 साली मध्य प्रदेशातल्या घोगलगावात गावकरी सतरा दिवस गळाभर पाण्यात राहिले. त्यांच्या सोललेल्या पायांची चित्रं देशाने टीव्हीवर पाहिली. सुंडे पाण्यातून बाहेर येऊन पुढच्या देशी जाऊ शकत होत्या. घोगलगावच्या माणसांना पाण्याबाहेर जायला शेत उरत नव्हतं. हा फरक लक्षात ठेवूनच सुंडे यांचं काम पाहावं. त्याने ते काम लहान होत नाही, आपलं पाहणं प्रामाणिक होतं.

दिल्लीचे अतुल भल्ला यांनी हाच प्रामाणिकपणा यमुनेत उतरून दाखवला. 2005 सालची त्यांची छायाचित्रांची मालिका आहे, ‘आय वॉज नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग’. व्हिडिओ नव्हे, पण कॅमेऱ्यासमोरचं सादरीकरण तेच. एकेका चित्रात त्यांचं डोकं थोडं थोडं पाण्याखाली जातं. आणि हे पाणी व्हायोलांच्या हौदातलं नाही. शहराची गटारं पोटात घेतलेली ती दिल्लीची यमुना आहे. जिच्यात बुडी मारली की पुण्य लागतं असं म्हणायचं आणि जिचं पाणी तोंडात जाऊ नये म्हणून ओठ घट्ट मिटायचे, अशी नदी. त्या मिटलेल्या ओठांत मला नाशिकची गोदावरी दिसते, पुण्याची मुळा-मुठा दिसते. श्वास रोखण्याचं हे आणखी एक कारण.

एका प्रकरणाविषयी आधीच सांगायला हवं. नेदरलँड्सचे बास यान आडर 1970 साली अॅमस्टरडॅममध्ये सायकलसह कालव्यात पडले. ती फिल्म काही सेकंदांची आहे. 1975 साली ते एका कलाकृतीचा भाग म्हणून साडेबारा फुटी होडीतून एकटे अटलांटिक ओलांडायला निघाले. दुसऱ्या वर्षी होडी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर सापडली, ते सापडले नाहीत. या शोकांतिकेचं गौरवीकरण पुष्कळ झालं आहे, मी ते केलेलं नाही. पाण्यात जाणाऱ्या कलावंताचं पहिलं कर्तव्य परत वर येणं हे आहे, असं मी मानते. व्हायोलांच्या प्रत्येक मोठ्या कामामागे चित्रणाच्या वेळी साहाय्यकांचा ताफा असे. पडद्यावर एकटा दिसणारा देह खऱ्या अर्थाने एकटा नसे. शिकणाऱ्या मुलांनी ही गोष्ट सगळ्यांत आधी शिकावी.

शेवटी वाचकांना एक विनंती. ही पानं वाचण्याआधी ‘द रिफ्लेक्टिंग पूल’ एकदा पाहा. घरच्या संगणकावर पाहिलंत तरी चालेल, पण खोलीत अंधार करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मध्येच पुढे ढकलू नका. सात मिनिटांतली पहिली दोन कंटाळवाणी वाटतील, कारण त्यांत फारसं काही घडत नाही. तो माणूस उडी मारेल तेव्हा स्वतःच्या छातीकडे लक्ष द्या. मग पहिल्या प्रकरणाकडे वळा.